लग्नाचं शूटिंग कोणाला द्यावं?

(आपल्या मंडळाच्या २०२४ च्या गणेशोत्सवात केलेलं भाषण. बोलताना सुटलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



सेक्रेटरींनी मला सांगितलं की आरतीच्या आधी वीस-पंचवीस मिनिटं काहीतरी उपयोगाचं बोला. मी सिग्नल आणि दूरसंचार खात्यातला माणूस. माझ्या उपयोगाच्या गोष्टी म्हणजे केबल, रिले आणि बॅटऱ्या. त्या ऐकायला तुम्ही बसणार नाही, आणि जे बसतील त्यांना उद्या सकाळी आठ वाजता तेच काम आहे. म्हणून दुसरा विषय घेतला. गेल्या दीड वर्षात मंडळातल्या सहा-सात घरांतून मला एकच फोन आला आहे, "तुमच्या भाचीच्या लग्नाचं शूटिंग कोणी केलं हो?" त्या सगळ्यांना आज एकदम उत्तर देतो.

पण भाचीच्या लग्नाच्या आधी पुतणीचं लग्न सांगावं लागेल. ते जर बिघडलं नसतं तर भाचीच्या वेळी मी एवढ्या चौकशा केल्याच नसत्या.

फेब्रुवारी २०१६. दादाच्या मुलीचं लग्न इथेच, बिलासपुरात. घरातल्या पुढच्या पिढीचं पहिलं कार्य. कामं वाटून घेतली तेव्हा शूटिंग आणि फोटो माझ्याकडे आले, कारण "तो इलेक्ट्रॉनिक्सवाला आहे." मी काय केलं? आपण स्टोअरची खरेदी करतो तसं केलं. तीन ठिकाणी भाव विचारले, सर्वांत कमी ज्याचा त्याला काम दिलं. एल-वन! वर पाच हजार कमी करून घेतले आणि घरी येऊन ते सगळ्यांना सांगितलं. त्या स्टुडिओवाल्यानं मला एकच प्रश्न विचारला, "सर, गाने कौन से डालने हैं?" मी वहिनीला आणि मुलींना विचारून अकरा गाण्यांची यादी स्वतःच्या अक्षरात लिहून दिली. ही यादी लक्षात ठेवा.

आता आईचं सांगतो. आमच्या आईला मंगलाष्टकं लिहायची हौस. माहेर वर्ध्याचं. तिची एक आत्या घरातल्या प्रत्येक लग्नात स्वतः रचून म्हणायची, तिच्याकडून ही गोष्ट आईकडे आली. मंगलाष्टकांची नेहमीची चाल आपल्या सगळ्यांच्या कानात आहे, पण आईची चाल जरा निराळी होती. तिसऱ्या ओळीत ती एकदम वर जायची आणि चौथीत हळूहळू खाली उतरायची. नातीसाठी तिनं चार कडवी रचली होती. वय ७४, पण हातात कागद नाही. मंडपात उभी राहून तिनं ती म्हटली. माझ्या आठवणीत त्या वेळी सभामंडपात पहिल्यांदा शांतता झाली. तुम्हाला माहीत आहे, आपल्या लग्नात शांतता म्हणजे काय दुर्मीळ वस्तू!

शूटिंगवाल्याची तऱ्हा वेगळीच. इकडची बहुतेक लग्नं रात्रीची. स्टेजवर जयमाला होते, ती अर्धा तास चालते. नवरा मान वर करतो, मित्र त्याला उचलतात, कॅमेरावाल्याला सगळ्या बाजूंनी फिरायला वेळ मिळतो. आपला मुहूर्त दुपारी १२ वाजून ३४ मिनिटांचा. या मुलांना वाटलं, दुपारी काहीतरी पूजा असेल, खरं लग्न संध्याकाळी. १२ वाजून २५ मिनिटांनी एक जण मला विचारतो, "भैया, जयमाला कितने बजे है?" मी म्हटलं, नऊ मिनिटांत! तेव्हा एक कॅमेरा रुखवताचे लाडू टिपत होता आणि दुसऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावलेली. धावत आले. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली, हार घातले. सगळं मिळून पाऊण मिनिट. "भैया, एक बार फिर से कर देंगे?" भटजींनी त्याच्याकडे जे पाहिलं ते मात्र व्हिडिओत नीट आलं आहे.

पाच महिन्यांनी डीव्हीडी आल्या. तीन डीव्हीडी, वर मखमली डबा. सगळे दादाकडे जमलो. आई सोफ्यावर पुढे सरकून बसली होती. मंगलाष्टकांचा भाग आला. पडद्यावर आई उभी, नऊवारी नेसलेली, हात जोडलेले, चित्र एकदम सुंदर, सगळं संथ गतीत. आणि वर एका हिंदी चित्रपटातलं गाणं. माझ्या यादीतलं चौथं.

गाणं संपल्यावर आई म्हणाली, "माझं तोंड हलतंय. आवाज कुठे गेला?"

मी म्हटलं, "दुसऱ्या डीव्हीडीत असेल."

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत गेलो. मूळ रेकॉर्डिंग द्या म्हटलं. तो म्हणाला, सर, काम दिलं की दोन-तीन महिन्यांत आम्ही डिस्क रिकामी करतो, सीझनमध्ये जागा लागते. आणि मग त्यानं ड्रॉवरमधून माझी यादी काढून माझ्यासमोर ठेवली. "सर, लिस्ट तो आपने ही दी थी." आवाज उद्धट नव्हता. खरं तेच सांगत होता.

आमच्या कंट्रोल ऑफिसात व्हॉइस लॉगर असतो, हे इथल्या अर्ध्या लोकांना माहीत आहे. सेक्शन कंट्रोलर आणि स्टेशन मास्तर यांच्यातला शब्दन्शब्द त्यात जातो. चौकशी निघाली की रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी कोण काय बोललं ते आम्ही काढून देतो. ज्याची नोकरीच दुसऱ्यांचे आवाज जपण्याची, त्यानं आपल्या आईचा आवाज जपायला कोणाला सांगितलं नाही. आईनं पुढे दोन-तीनदा विचारलं, "ती दुसरी डीव्हीडी आली का रे?" मग विचारणं सोडलं. २०१९ साली ती गेली. कडवी तिच्या वहीत आहेत. चाल मात्र एका भाच्याच्या मोबाइलवर १४ सेकंद सापडली. त्यातही सुरुवातीला कोणीतरी ओरडतंय, "अरे, इकडे अक्षता नाही मिळाल्या!"

असो.

२०२३ साली ताईच्या मुलीचं लग्न ठरलं. शूटिंग मीच ठरवणार असं मी आधीच सांगून टाकलं. यात एक अडचण होती. मी मामा. मुलीला गौरीहरापासून बोहल्यावर घेऊन यायचं, तिच्या मागे उभं राहायचं. म्हणजे ऐन मुहूर्ताला मला कॅमेऱ्याकडे बघता येणार नाही. जे काही सांगायचं ते आधीच सांगून ठेवायला हवं. आपल्याकडे ट्रॅफिक ब्लॉक मिळाला की तेवढ्या वेळात विचार करत बसत नाहीत ना? कोण कुठे उभा राहणार, कोणाच्या हातात कोणता पाना, हे आदल्या दिवशी ठरतं. मुहूर्त म्हणजे तसाच ब्लॉक. फरक एवढाच की तो वाढवून मिळत नाही.

चार स्टुडिओ पाहिले. प्रत्येक ठिकाणी खुर्ची, कोल्ड्रिंक आणि तीन मिनिटांची फिल्म. खुटाघाट धरणावर चालणारं जोडपं, वरून ड्रोन, पदर उडतोय, सूर्य मावळतोय. छान असतं, नाही असं नाही. पण तीन मिनिटं कोणाचीही छान होतात. मी म्हणायचो, एका अख्ख्या लग्नाची पूर्ण फिल्म दाखवा, मध्ये पुढे न पळवता. आणि ज्यांच्या घरचं ते लग्न आहे त्यांना चालत असेल तर त्यांचा फोन नंबर द्या. दोन ठिकाणी पूर्ण फिल्म दाखवायला निघालीच नाही. तिसऱ्या ठिकाणी काम उत्तम होतं, पण बोलताना लक्षात आलं की नाव मालकाचं आणि येणार दुसराच कोणी. त्या मोसमात एका दिवशी त्यांची चार-चार लग्नं असायची. "आमच्याकडे तुम्ही स्वतः येणार का?" हा प्रश्न विचारायचा आणि उत्तर लिहून घ्यायचं. दिलेल्या उत्तरापेक्षा उत्तर द्यायला लागलेला वेळ जास्त सांगतो.

चौथा एक तरुण मुलगा. मराठी लग्न त्यानं कधी केलेलं नव्हतं. पण पूर्ण फिल्म लावून दिली आणि स्वतः गप्प बसला. मी एक तास पाहिली. त्यात एक म्हातारे गृहस्थ जावयाला काहीतरी सांगत होते, अगदी हळू आवाजात, छत्तीसगढीत. ते शब्द स्पष्ट ऐकू येत होते. वर गाणं नव्हतं. मी विचारलं, इथे गाणं का नाही टाकलं? तो म्हणाला, "सर, दादाजी बोल रहे हैं ना." माझं तिथेच ठरलं. नंतर त्यानं मला विचारलं, "आप लोगों में बीच में परदा क्यों पकड़ते हैं?" ज्याला अंतरपाटाबद्दल प्रश्न पडतो त्याला मराठी लग्न शिकवता येतं. ज्याला "सब पता है सर" त्याला कोण शिकवणार!

भाव बाकीच्यांचा साठ-सत्तर हजार, याचा ९५. ताईचे यजमान म्हणाले, "अहो, एवढ्यात केटरिंगला एक गोड जास्त होतं." बरोबरच होतं त्यांचं. मी ड्रोन काढून टाकला, प्री-वेडिंग काढून टाकलं, आल्बमची पानं कमी केली, ८० वर आणलं. ड्रोन मला नकोच होता. आपलं मंगल भवन यार्डाला लागून, वर २५,००० व्होल्टची तार. शिवाय २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर त्याची नोंदणी आणि उडवणाऱ्याचं पायलट सर्टिफिकेट लागतं, हे ड्रोन नियम २०२१ मध्ये आहे. तुमच्याकडे कोणी ड्रोन आणणार असेल तर ते कागद आधी पाहा. पण आवाजाच्या सामानातला एक रुपया मी कमी केला नाही.

आता आवाजाबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण तिथे सगळे फसतात. कॅमेऱ्यावर जो छोटा माइक असतो तो आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करतो. शांततेत तो कान टवकारून बसतो, मोठा आवाज आला की कान झाकून घेतो. आपल्या लग्नात होतं काय? शेवटचं "सावधान" म्हटल्याबरोबर बाहेर वाजंत्री जोरात सुरू होते. कॅमेऱ्याचा माइक एकदम कान झाकतो. आणि त्याच वेळी मुलगी हार घालताना काहीतरी हसून बोलते, आत्या रडत काहीतरी म्हणते, ते सगळं बुडून जातं. यावर उपाय साधा आहे. माणसाच्या जवळ माइक ठेवायचा. काडेपेटीएवढा रेकॉर्डर असतो, तो कपड्यात अडकवायचा. एक भटजींच्या उपरण्याला, एक नवऱ्या मुलाच्या अंगरख्यात आतून. मंगलाष्टकं ज्या माइकवर म्हणतात त्या लाउडस्पीकरच्या मशीनमधून सरळ एक वायर तिसऱ्या रेकॉर्डरला. ही वायर द्यायला मंडपवाल्याशी आदल्या दिवशी बोलावं लागतं. तो ऐन वेळी देत नाही आणि त्यात त्याची चूक नाही.

दुसरं, उजेड. हल्ली कार्यालयात सगळीकडे एलईडी. आपली वीज ५० सायकलची. त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मिणमिणतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर जुळवलं नाही तर चित्रावर काळे पट्टे सरकताना दिसतात. सेकंदाचा पन्नासावा भाग ठेवला तर बहुधा सुटका होते. हे तुम्ही सांगायचं कारण नाही, चांगल्या माणसाला माहीत असतं. पण त्याला आदल्या संध्याकाळी कार्यालयात नेऊन दिवे लावून दाखवायचं काम आपलं. सीमांतपूजनाच्या आधी एक तास त्याला बोलवा, सगळं उरकतं.

मग मी कागद केला. दोन पानं, हिंदीत, कारण वाचायचं त्यानं. डाव्या बाजूला वेळ, मध्ये विधीचं नाव आणि काय होतं ते, उजव्या बाजूला कोणी कुठे उभं राहायचं. अंतरपाटाच्या वेळी एक कॅमेरा मुलीच्या बाजूला, एक मुलाच्या, आणि तिसरा लांब, तिवईवर, चालू करून सोडून दिलेला. त्याला कोणी हात लावायचा नाही. लाजाहोमाला मुलीचा भाऊ लाह्या देतो. त्याच्यानंतर तोच भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, दोन सेकंदांत होतं, तयार राहा. सप्तपदीला खाली, पावलांवर. झालीच्या वेळी दिवे डोक्यावर धरतात, तेव्हा तुमचा मोठा लाइट बंद, नाहीतर दिव्यांना अर्थ नाही. पंगतीत उखाणे घेतात. उखाणा म्हणजे काय हे त्या मुलाला समजावून सांगताना मला घाम फुटला. शेवटी म्हटलं, बायका नवऱ्याचं नाव गाण्यात लपवून सांगतात आणि सगळे हसतात, ते हसणंसुद्धा पाहिजे. उखाण्यावर कोणी सिनेमाचं गाणं टाकलं तर मागे राहिलं काय? जेवणारी माणसं.

कागदाच्या शेवटी एक चौकट केली. "यहाँ कोई गाना नहीं." तिच्याखाली मंगलाष्टकं, कन्यादान, उखाणे, मोठ्यांचे आशीर्वाद, पाठवणी. बाकी सगळीकडे तुला पाहिजे ती गाणी टाक, यादी मी देणार नाही.

आणखी एक गोष्ट लिहिली, ती पाहुण्यांसाठी. मुहूर्ताच्या वेळी कोणत्याही कॅमेरावाल्याची पाठ पाहुण्यांकडे मधोमध येता कामा नये. आपण तीनशे माणसं बोलावतो, ती प्रवास करून येतात, हातात अक्षता घेऊन उभी राहतात आणि त्यांना दिसतं काय, तर चार काळे टी-शर्ट. लग्न त्यांच्यासाठीही आहे हो. अक्षता बिचाऱ्या त्या टी-शर्टांवरच पडतात.

आणि जेवण. ही पोरं सकाळी सहाला येतात. त्यांना कोणी विचारत नाही. मग पंगत बसली की तीही जेवायला जातात आणि नेमके उखाणे सुटतात. आम्ही त्यांना अकरा वाजता पोटभर जेवू घातलं, वेगळं ताट लावून. आचारी कुरकुरला. तरी जेवू घातलं.

पैशाचं सांगतो. ठेकेदाराला आपण रनिंग बिलावर पैसे देतो, तसंच ठेवलं. तिसरा हिस्सा ठरवताना, तिसरा हिस्सा मूळ रेकॉर्डिंग हातात आल्यावर, उरलेला पूर्ण फिल्म आल्यावर. मधला हप्ता सर्वांत महत्त्वाचा. लग्नानंतर आठ दिवसांच्या आत त्यानं सगळं मूळ रेकॉर्डिंग, जसंच्या तसं, आम्ही दिलेल्या हार्ड डिस्कवर भरून द्यायचं. ही डिस्क आपण विकत घ्यायची. किती मोठी? हल्लीचे कॅमेरे बऱ्याचदा सेकंदाला १०० मेगाबिटनं लिहितात. म्हणजे तासाला ४५ जीबी. आमचं तिन्ही कॅमेऱ्यांचं मिळून आठ तासांचं काम होतं, ३६० जीबीच्या आसपास गेलं. एक टीबीची डिस्क पुरली. मी दोन घेतल्या, एक ताईकडे, एक माझ्याकडे. एकाच कपाटात दोन ठेवल्या तर दोन घेतल्याचा उपयोग नाही. आणि त्याला विचारलं होतं, तुझा कॅमेरा एकाच वेळी दोन कार्डांवर लिहितो का? हो म्हणाला, तसं लावूनही दाखवलं. यालाच आपल्या खात्यात स्टँडबाय म्हणतात.

त्यानं स्वतःचा छापील कागदही सहीसाठी दिला होता. त्यात बारीक अक्षरात एक वाक्य, की फोटो आणि फिल्म जाहिरातीसाठी वापरण्याचा हक्क स्टुडिओचा. मुलाकडच्या मंडळींना ते पसंत नव्हतं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमात अशी तरतूद आहे की पैसे देऊन फोटो किंवा फिल्म करून घेतली तर तिचा पहिला मालक करून घेणाराच असतो, उलट काही करार केलेला नसेल तर. म्हणजे हक्क मुळात आपला असतो आणि आपण न वाचता सही करून तो देऊन टाकतो. मी ते वाक्य खोडलं, दोघांनी बाजूला सह्या केल्या. तो म्हणाला, "सर, तो नमूना कैसे दिखाऊँगा?" ते त्याचंही खरं. ताईनं मुलीला आणि जावयाला विचारून दोन मिनिटांचा तुकडा त्याला दाखवायला दिला. कोणता, ते तिनंच निवडलं.

आता एवढं करूनही सगळं बरोबर झालं असं समजू नका. कानपिळी हुकली. दोन सेकंद लिहिलं होतं, भाच्यानं अर्ध्या सेकंदात पिळला. लाह्या देता देताच. व्हिडिओत फक्त नवऱ्याचा लाल कान दिसतो. भटजींच्या उपरण्यातला रेकॉर्डर उपरणं घासून मधून मधून खरखरतो. शिवाय विधी चालू असताना भटजी हळूच काय काय बोलतात ते सगळं त्यात आलं आहे. "चहा सांगा जरा", "यजमान, सुपारी कुठे गेली", "पुढचं कार्य दोन वाजता आहे, आटपा." मुलांनी ते काढू दिलं नाही. आता तो भाग घरात सर्वांत जास्त वेळा लागतो.

मंगलाष्टकं ताईनं म्हटली. आईच्या वहीतली, मुलीचं नाव बदलून. नाव बदललं की वृत्तात अक्षरं बसेनात, त्यासाठी तिनं दोन रात्री घालवल्या. चाल म्हणून त्या १४ सेकंदांचा आधार, पुढचं तिला जसं आठवत होतं तसं. मी अंतरपाटाच्या अलीकडे, भाचीच्या मागे उभा होतो. मला ताई दिसत नव्हती, फक्त ऐकू येत होती. तिसऱ्या ओळीत ती वर गेली आणि तिथे तिचा आवाज चिरला. मला वाटलं, थांबेल. थांबली नाही.

महिन्याभरानं त्या मुलाचा फोन आला. म्हणाला, सर, आंटीजींचा आवाज एका जागी फाटला आहे, मशीनवर थोडा दुरुस्त करता येईल, करू का? मी म्हटलं, ताईला विचारून सांगतो. ताईला विचारलं. ती म्हणाली, "काही नको करायला. आईचाही तिथे असाच चिरायचा." मला हे माहीत नव्हतं. मी आईचं इतक्या वेळा ऐकलेलं असून माझ्या लक्षात ते कधी आलं नव्हतं. त्या १४ सेकंदांत तर तिसरी ओळ येतच नाही.

पूर्ण फिल्म साडेतीन महिन्यांनी आली, ठरल्यापेक्षा तीन आठवडे उशिरा. दंडाची अट मी लिहिली होती, पण लावली नाही. पुतणीही ती फिल्म पाहायला आली होती. मंगलाष्टकं झाल्यावर तिनं तेवढाच भाग पेन ड्राइव्हवर मागून घेतला.

तो मुलगा आता महाग झाला आहे आणि त्याच्या तारखा लवकर जातात, हे आधी सांगून ठेवतो. नंबर हवा असेल त्यांनी मला वेगळं भेटावं. माइकवरून सांगत नाही, त्यालाही ते आवडायचं नाही. पण नुसता नंबर नेऊ नका. तो हिंदीतला दोन पानी कागद मी इथे मागच्या टेबलावर ठेवला आहे, प्रसादाच्या डब्याशेजारी. वीस झेरॉक्स आहेत. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतील, ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांनी आधी घ्यावा. त्यात वेळा आणि नावं आपापली घाला. देशस्थ, कोकणस्थ, कुणबी, तेली, ज्याच्या घरी जो विधी वेगळा असेल तो घाला, आणि जो आमच्याकडून राहिला असेल तो मला कळवा, म्हणजे पुढच्या वर्षी कागद दुरुस्त करता येईल. कानपिळीपुढे मी आता "अर्धा सेकंद" असं लिहिलं आहे.

आरतीचं ताट आलं, थांबतो. गणपती बाप्पा मोरया.